चाकाखालचा दगड

आमच्याकडे गाडी ढकलत नाहीत, सोडतात. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून हा शब्द माझ्या कानावर आहे. घर चढावर, घरामागे आमची रोपवाटिका, आणि फाटकापासून खाली रस्त्यापर्यंत सरळ उतार. गाडी त्या उताराच्या तोंडाशी नाक खाली करून लावायची आणि पुढच्या चाकाखाली दगड ठेवायचा. सेल्फनं घेतली तर ठीक. नाही घेतली तर सासरे आत बसून गिअर टाकून क्लच दाबणार, मी दगड काढणार, गाडी आपली आपण घरंगळणार, निम्म्या उतारावर सासरे क्लच सोडणार आणि गाडी खोकत खोकत चालू होणार. "सोड गं," एवढंच म्हणायचं. मी हातातलं काम टाकून दगडापाशी. बाकीच्या सुना सासरी काय काय शिकतात, मी दगड काढायला शिकले.

गाडी सासऱ्यांचीच. वयानं माझ्याहून थोडीच लहान असेल. मागची सीट काढून नवऱ्यानं तिथे लोखंडी मांडणी बसवून घेतलीय, त्यात रोपांचे ट्रे बसतात. शेतोशेती रोपं पोचवायचं काम सासऱ्यांचं. त्यांचे गुडघे गेलेत. मागच्या हंगामात एकदा ट्रे भरायला खाली बसले आणि उठताच येईना. मी काखेत हात घालून उठवलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "माती ओली होती, पाय सरकला." माती चांगली खडखडीत होती. तेव्हापासून ते वाफ्याकडे फिरकले नाहीत, गाडीच्या सीटवर मात्र ताठ बसायचे. सीट उंच आहे, गुडघे फार मोडावे लागत नाहीत.

त्या दिवशी मिरचीची रोपं जायची होती. कालव्याकडच्या बाई म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या पाण्याची पाळी होती संध्याकाळपर्यंत. सऱ्या भिजवून तयार, लावणीला बायका सांगितलेल्या. वर ऊन असं की सकाळीच पत्र्याला हात लावू नये. रोपंही आता थांबायच्या बेतात नव्हती, मुळं ट्रेच्या खालच्या भोकांतून बाहेर डोकावत होती. आणखी एखाद-दुसरा दिवस तशीच ठेवली तर नुसती उंच वाढतात आणि शेतात जाऊन मान टाकतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं बियाणंच हलकं.

आदल्या संध्याकाळी सासरे आले ते कपाळाला आठ्या घालूनच. चढ कसाबसा चढून, गाडी वळवून त्यांनी जागेवर लावली आणि लगेच बंद केली. "इंजिनात वर काहीतरी किंचाळतंय," म्हणाले. नवरा म्हणाला, पंख्याचा पट्टा असेल. तो सकाळी उठून सायकलवर शेणखताचं बघायला गेला. जाता जाता मला सांगून गेला, "बाबांना म्हणावं लवकर निघा, ऊन चढायच्या आत."

आम्ही ट्रे भरले. सासरे आत बसले, सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. इंजिन जागचं हलेना. मी नवऱ्याला फोन लावून सांगितलं, नुसतं टक् करतेय. तो म्हणाला, वायर सैल असेल, बाबांना बघू दे. तोवर सासऱ्यांनी काच खाली केली.

"सोड गं."

मला वाटलं विचारावं, कालचं ते किंचाळणं काय होतं. पण बाई संध्याकाळपर्यंतच थांबणार आणि ऊन चढत चाललेलं. मी दगड काढला.

गाडी गेली. निम्म्या उतारावर त्यांनी क्लच सोडला आणि आतून आवाज आला. कड कड कड, दात खाल्ल्यासारखा. गाडीला हिसके बसले, ट्रे एकमेकांवर आपटले. मग एकाएकी सगळं गप्प झालं आणि गाडी रस्त्यापर्यंत नुसती घरंगळत गेली. मी धावत खाली गेले. सासरे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते.

"बाबा, लागलं का कुठे?"

"मला काय लागतंय," ते म्हणाले. "ट्रे सावलीत ने आधी."

ट्रे उचलून वर आणता आणता माझी कंबर मोडली. थोड्या रोपांची शेंडी तुटली होती, बाकी वाचली होती. सासरे गाडीतून उतरले, बोनेट उघडून बघितलं आणि परत लावलं. चढ चढताना मधे दोनदा थांबले. मी नवऱ्याला पुन्हा फोन केला, गाडी चालूच होत नाही, मेकॅनिकला घेऊन ये.

नवरा आला तो मेकॅनिकच्याच पिकअपमध्ये, सायकल मागे टाकून. ह्या मेकॅनिकला सगळे 'उद्या' म्हणतात. कधीही विचारा, गाडी कधी देतोस, तर म्हणणार उद्या. नवऱ्याच्या वर्गातला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. तर उद्या त्या दिवशी आजच आला, आणि मला जास्तच भीती वाटली. माणूस आपली सवय मोडतो म्हणजे त्याला फोनवरच काहीतरी कळलेलं असणार.

"खाली कशी आणलीत?" नवऱ्यानं विचारलं.

"उतरवली," सासरे म्हणाले.

नवऱ्याचं लक्ष ट्रेकडे होतं, त्यानं पुढे विचारलं नाही. भर उन्हात रस्त्याच्या कडेला कोण काम करणार, म्हणून उद्यानं मागच्या हुकाला दोर बांधून गाडी पिकअपनं उलटी ओढून वर नेली. नाक पुन्हा उताराकडेच. मी सवयीनं चाकाखाली दगड लावला.

उद्याची जीभ हातांपेक्षा जास्त चालते. पाना शोधतानाही तो शोधतोय हे सांगत असतो. आधी म्हणाला बॅटरी. मग स्वतः सेल्फ मारून बघितला तर इंजिन गरगर फिरायला लागलं, अगदी हलकं.

"वहिनी टक् करतेय म्हणाल्या होत्या ना?"

"टक्च करत होती," मी म्हणाले.

"आता तर भिंगरीसारखी फिरतेय." त्याचा चेहरा उतरला. "इतकं हलकं फिरलेलं चांगलं नसतं. दम लागला पाहिजे फिरताना."

त्यानं बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत रबरी पट्टा होता, दात असलेला. त्यातला हातभर भाग गुळगुळीत होता. तुटलेले दात झाकणात खाली पडलेले, काळ्या दातांच्या कवळीगत. मग इंजिनाच्या वरचं झाकण काढायला घेतलं. नट सुटले तरी झाकण निघेना. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तेव्हा कडेनं करड्या रबरासारखे लोळ लोंबत आले.

"हे काय लावलंय इथे?" उद्या म्हणाला.

नवरा जवळ आला. "गळत होतं तेल. मीच लावलं होतं मागे. ठिबकच्या नळ्यांच्या सांध्यांना लावतो ना, ते."

"नळ्यांचं इंजिनाला?"

"पाणी धरतं, तेल धरणार नाही का?"

आमच्या ह्यांचं हे असं आहे. टाकी गळाली की ते करडं, नळ गळाला की ते करडं, चपलेचा अंगठा तुटला की ते करडं. एकदा माझ्या कपाटाचं दार त्यानंच चिकटवून ठेवलं होतं आणि मी चार दिवस एकाच साडीत. एरवी मी बोलले असते, पण त्या वेळी हसू यायची सोय नव्हती.

आत एक लांब दांडा होता, त्यावर जागोजागी अंड्याच्या आकाराचे उठाव. सगळ्याला तेल लागलेलं असायला हवं म्हणे. हा कोरडा. एका टोकाला निळसर काळा पडलेला.

"हा कॅमशाफ्ट," उद्या म्हणाला. "हा फिरतो म्हणून इंजिनाची दारं उघडतात नि मिटतात. ती दारं म्हणजे वाल्व. खालचा दांडा ह्याला पट्ट्यानं फिरवतो. आता बघा." त्यानं दांड्याच्या चाकाला पाना लावला, पान्याला पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. चाक हललं नाही. नवऱ्यानं हात लावला. दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. काही नाही. "बसलाय. साफ बसलाय. खालचं फिरतंय आणि वरचं बसलंय."

मग त्यानं बारीक तार घेतली आणि वर तेल चढायच्या छिद्रात घालून फिरवली. बाहेर आला तो करड्या रबराचा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तळहातावर घेऊन उद्या बघत राहिला, नवराही. नवऱ्यानं तो दोन बोटांत दाबून बघितला. दाबल्यावर तो पुन्हा तसाच गोल झाला. नवऱ्याचे कान लाल झाले. सासऱ्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. एरवी चमचा इकडचा तिकडे झाला तरी ते त्याला बोलतात. त्या दिवशी का बोलले नाहीत, ते मला तेव्हाच समजलं. गाडी गिअरमध्ये सोडली होती ती त्यांनीच.

"मग आता?" नवऱ्यानं विचारलं.

उद्या सावलीत टेकला. इथेच त्यानं घोळ घातला. तो जर आधी विचारता आणि मग बोलता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्याच्या जिभेला धीर कुठला.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला, "पट्ट्याचे दात कधी गेले त्यावर सगळं. काल गाडी गार झाली, दांडा बसला. सकाळी सेल्फ मारताना गेले असतील तर सेल्फला जोर किती, म्हाताऱ्याच्या चिमट्याएवढा. वाल्व वाचले असणार. मग मी हा दांडा सोडवतो, घासून पुसून बसवतो, पट्टा नवा आणतो, संध्याकाळपर्यंत गाडी चालू. पण कुणी ढकलून गिअरमध्ये टाकली असेल, तर संपलं. चाकांचा जोर खालून आणि वरची दारं उघडीच्या उघडी. पिस्टन जाऊन वाल्ववर आपटणार. वाकले की मग अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, उतरवायचं. आणि तेवढं करावं अशी ही गाडी आहे का, ते तुम्हीच ठरवा. मी म्हणेन भंगारवाल्याला फोन लावा." एवढं सगळं सांगून मग त्यानं मान वळवली. "काका, ढकलली होतीत का?"

सासरे खांबाला टेकून उभे होते.

"छे," ते म्हणाले. "ढकलली नाही कुणी. हातसुद्धा लावला नाही."

आणि हे अगदी खरं होतं. हात कुणी लावला नव्हता. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो माझ्या हातात तिरपा झाला आणि पायावर पाणी सांडलं.

"दोन-तीनदा सेल्फ मारला मी," सासरे पुढे म्हणाले. "तेव्हाच सुटला असेल तो पट्टा. मग न्यूट्रलमध्ये खाली घेतली. म्हटलं मेकॅनिकला वर चढायला कशाला लावा."

"वाचलात मग," उद्या म्हणाला.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा सैल झाला की मला त्याची दया आली. आपल्या हातच्या त्या तुकड्यानं गाडी मेली नाही, हेच त्याला हवं होतं. त्यानं लगेच कालव्याकडच्या बाईंना फोन लावला. "संध्याकाळपर्यंत आणतोच, बाई. हो हो, शब्द देतो." बाई पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला इथपर्यंत ऐकू येत होतं. पाणी थांबणार नाही, बायका थांबणार नाहीत, तुम्ही नाही आलात तर मी दुसरीकडून रोपं उचलणार आणि पुढच्या वर्षी तुमच्या फाटकाकडे बघणार नाही.

उद्या हात पुसून पट्टा आणायला निघायच्या तयारीला लागला. दुकान लांब, जाऊन येईपर्यंत दुपार टळणार. मग दांडा सोडवणार, पट्टा चढवणार, सेल्फ मारणार आणि तेव्हा कळणार की वाल्व वाकलेत, इंजिनाला दम नाही. तोवर सूर्य बुडालेला, बाईंचं पाणी संपलेलं आणि आमच्या मिरच्या ट्रेमध्ये वाळत बसलेल्या. सासऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. मिरचीला उशीर चालत नाही हे मला शिकवलं कुणी, त्यांनीच.

ते पाण्याच्या टाकीमागे गेले होते. मी मागोमाग गेले.

"बाबा, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

ते तोंडावर पाणी मारत होते. मारतच राहिले.

"गिअरमध्ये होती गाडी. दगड मी काढला."

"ढकलली का म्हणून विचारलं त्यानं," ते म्हणाले. "ढकलली होती का?"

"असलं वकिली उत्तर मला देऊ नका."

त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. पुसून झालं तरी बाही तोंडावरच होती. इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्ली मी. पाणी जास्त घातलंस, पाणी कमी घातलंस, ट्रे असा धरतात का. पण त्यांना असं तोंड लपवताना पहिल्यांदा बघितलं.

"एकदा अर्धी उघडली की कुणी टाकून देत नाही," ते हळू म्हणाले. "पट्टा आणला, हा खर्च झाला, तो खर्च झाला, मग म्हणतात आता एवढं केलंय तर हेडही करून टाकू. आधीच सांगितलं तर आजच भंगारात देतील."

"देऊ देत. जुनी झालीय."

"ती जुनी झालीय." त्यांनी टाकीच्या कडेला धरलं. "मग मी काय करू दिवसभर? तुमच्या मधे मधे येत बसू? खाली बसता येत नाही, वाकता येत नाही. चहा झाला का विचारत फिरू?"

राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि नुसता राग जाऊनही उपयोग नव्हता, कारण पुढून पिकअप चालू झाल्याचा आवाज आला. माझ्या हातात होतं ते एवढंच. गप्प बसले असते तर सासरे राहिले असते आणि मिरच्या गेल्या असत्या. मिरच्या म्हणजे पुढचं वर्ष, बाई, आणि बाईंचं ऐकणारे सगळे. मी गप्प बसायला तयारही झाले होते, खरं सांगते. पण नवरा फाटक उघडायला धावत होता, अंगात दहा माणसांचं बळ आल्यासारखा, आणि संध्याकाळी त्याचा चेहरा कसा होईल ते मला दिसलं.

मी जाऊन पिकअपच्या समोर उभी राहिले.

"वहिनी, बाजूला व्हा," उद्या म्हणाला. "उशीर होतोय."

"गाडी ढकलली नाही," मी म्हणाले. "सोडली. गिअरमध्ये. दगड मी काढला. निम्म्या उतारावर कडकड वाजलं."

उद्यानं पिकअप बंद केली. त्याला आमचा शब्द माहीत नव्हता, पण नवऱ्याला माहीत होता. तो फाटक धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं टाकीकडे बघितलं. सासरे तिथून बाहेर आले होते आणि शर्टाचं बटण लावत होते, जे आधीच लावलेलं होतं.

"बाबा?"

"ती सांगतेय ना," सासरे म्हणाले आणि घरात गेले.

उद्यालाही बोलावंसं वाटेना, म्हणजे बघा. शेवटी मीच म्हणाले, "पिकअप तुझी रिकामीच आहे ना? पट्टा आणायला जाणार होतास, तर आता मिरच्या घेऊन चल."

गाडीतली लोखंडी मांडणी नटबोल्टची होती. उद्यानं आणि नवऱ्यानं ती खोलून पिकअपमध्ये दोरानं बांधली, मी ट्रे लावत गेले. वरून शेडनेटचा तुकडा ताणला. निघणार तोच सासरे चपला घालून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही. पिकअपच्या पुढच्या सीटवर चढताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला आणि उद्यानं हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"गिअर हलका टाक," मी त्यांना म्हणताना ऐकलं. "मिरची आहे, सिमेंट नाही."

संध्याकाळी परत आले तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, बाईंनी मोडक्या शेंड्यांची रोपं बाजूला काढली, बाकी सगळी घेतली. सासरे सरीच्या कडेला उभे राहून लावणाऱ्या बायकांना रोप कुठे धरायचं ते सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. मला हे नवऱ्याकडून कळलं, कारण सासरे माझ्याशी बोलत नव्हते. ताट पुढे ठेवलं तर जेवले, पाणी मात्र मुलाकडे मागितलं. मी शेजारी उभी होते, हातात पाणी घेऊन.

उद्या दुसऱ्या दिवशी हेड उतरवायला आला. उद्या येतो म्हणाला आणि उद्या आला, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदा झालं असावं. हेड उलटं करून त्यानं आमच्यासमोर ठेवलं. वाल्व एका रांगेत बसायला हवेत, ते वेडेवाकडे डोकं काढून होते. पिस्टनवर नखानं ओरबाडावं तशा चंद्रकोरी उमटल्या होत्या.

"सगळे?" नवऱ्यानं विचारलं.

"एकही सोडला नाही."

नवऱ्यानं मग गाडीभोवती एक फेरी मारली. आतली मॅट उचलली तर गंजलेल्या पत्र्यातून खालची जमीन दिसली, गवतासकट. हे सगळ्यांना माहीत होतं, पण मॅट घातलेली असली की माहीत नसल्यासारखं वागता येतं. उद्या म्हणाला, इंजिन मी करून देईन, पण ते बसवायचं कशावर? नवरा सासऱ्यांकडे वळला.

"बाबा, तुम्ही सांगा. चूक माझी आहे. ते करडं माझंच. तुम्ही म्हणाल तसं करू."

मला वाटलं आता ते म्हणणार, करा. आणि हा करणार, वेडा, ट्रे विकून, पंप विकून, काय वाटेल ते करून.

सासऱ्यांनी उद्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्यावर त्याचं टोक ठेवलं आणि दाबलं. फार जोर लावला नव्हता. टोक आत गेलं, मुठीपर्यंत. त्यांनी बाहेर काढून त्याला लागलेला गंज शर्टाला पुसला आणि स्क्रूड्रायव्हर उद्याला परत दिला.

"द्या," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी ती लोखंडी मांडणी पिकअपमधून परत घेतली. नवऱ्याला म्हटलं, ह्याचे पाय कापून कमरेएवढे कर आणि वर फळी टाक. त्यानं कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, उभ्यानं ट्रे भरता येतील, माझीही कंबर काही लोखंडाची नाही. सासरे पलंगावर बसून ऐकत होते. नवऱ्यानं एक पाय आखूड कापला, अर्थातच, आणि मी त्याला ते करडं आणू दिलं नाही. टेबल डुगडुगत शेडनेटखाली उभं राहिलं.

भंगारवाल्याचा ट्रक सकाळी आला. उतार चढून वर येईना, रस्त्यावरच थांबला. इंजिन उतरवून त्याचे सुटे भाग आधीच पोत्यात भरून खाली नेले होते. भंगारवाला आणि त्याचा माणूस वर आले, बाह्या सरसावून गाडीच्या मागे उभे राहिले.

"चला, ढकलू या," भंगारवाला म्हणाला.

"ढकलायची नाही," सासरे म्हणाले.

ते घरातून येताना चष्मा पुसत आले होते. दार उघडून आत बसले, आरसा नीट केला, मागे बघायचं काहीच नव्हतं तरी. हँडब्रेक सोडला. बोनेटखाली आता एक मोठी पोकळी होती, तरी त्यांनी क्लचवर पाय ठेवलाच असणार, मला खात्री आहे. काच खाली झाली.

"सोड गं."

टाकीमागे बोलले त्यानंतर माझ्याशी बोललेलं ते पहिलंच. मी दगडापाशी बसले. डोळ्यांत पाणी आलं म्हणून दगड नीट दिसेना, हातानंच चाचपून काढला.

गाडी गेली. खोकली नाही, हिसका नाही, नुसता दगडगोट्यांवरून चाकांचा आवाज. निम्म्या उतारावर मी श्वास धरला, उगाच. खाली रस्त्याच्या अलीकडे मागचा लाल दिवा लागला आणि गाडी ट्रकच्या फळीसमोर बरोबर थांबली.

सासरे उतरले. किल्ली मागून धावत आलेल्या भंगारवाल्याच्या माणसाकडे दिली आणि चढ चढायला लागले. वळून मागे बघितलं नाही. निम्म्यावर येऊन थांबले, हात गुडघ्यावर. मी खाली गेले, पण हात धरला नाही, नुसती शेजारी उभी राहिले. त्यांना धाप लागली होती.

"ब्रेक पहिल्या दाबात लागले," ते म्हणाले.

"बघितलं मी."

दम खाऊन झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. दगड माझ्या हातातच राहिला होता. मी तो कडेला टाकणार तोच ते म्हणाले, "टाकू नकोस."

"कशाला ठेवायचा आता?"

"त्या टेबलाचा मागचा पाय आखूड आहे," सासरे म्हणाले. "सकाळी ट्रे भरून बघितला मी. फार डुगडुगतं."